पदराआतली धूळ

रतनशेठच्या कापसाच्या जिनातल्या बायांना दर सोमवारी दमा लागायचा. मंगळवारी तो जरा उतरायचा, बुधवारी त्या पुन्हा हसायला-भांडायला लागायच्या, आणि रविवारची सुटी झाली की सोमवारी परत छातीवर कुणी जातं ठेवल्यासारखं. मॅनेजर शालिकराम याचं उत्तर ठरलेलं होतं. "इतवाऱ्याच्या बाजारात भजे-जिलबी हाणता, चिंचा-बोरं खाता. मंग सोमवारी धाप लागन नाही तं काय होईन?" हे त्यानं इतक्यांदा सांगितलं की निम्म्या बायांनी रविवारी बाजारात खाणंच सोडलं. बोरं वाचली, दमा काही गेला नाही.

मनकर्णा त्यांच्यातलीच एक. बारा वर्षं ती त्या जिनात रेच्यावर होती. रेचा म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणारं यंत्र, आणि त्याच्या तोंडात दिवसभर ओंजळी-ओंजळीनं कापूस सारायचा, हे तिचं काम. नवरा गेल्यावर ह्याच कामावर तिनं एकुलत्या एका पोराला शिकवलं. पोरगाही असा निघाला की बी.एस्सी. होऊन अमरावतीच्याच एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर झाला आणि वर एम.एस्सी.चा प्रबंध लिहायला बसला. त्याचं नाव धर्मपाल. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा त्यानं धर्माचं धर्मपाल केलं होतं, पण माय अजून धर्माच म्हणायची. "कागदावर लिवायचं ते लिव. हाक माराले मले येवढ्या लांबलचक नावाले दम पुरत नाही," असं तिचं म्हणणं.

नोकरी लागली त्याच महिन्यात त्यानं मायला जिन सोडायला सांगितलं होतं. ती भाकरी थापत होती, तिनं मान वर केली नाही.

"मी सोडीन," ती म्हणाली, "अन् केशर? अन् बाकीच्या चाळीस? त्यायचे पोरं काय सारे डेमोस्टर झाले काय?"

त्यानंतर त्यानं तो विषय काढला नाही. पण दर सोमवारी संध्याकाळी तिचा श्वास ऐकताना त्याचं हातातलं पुस्तक तसंच राहायचं. आणि रागही यायचा, तो शालिकरामच्या भज्यांचा.

बायांची मागणी काही राजवाड्याची नव्हती. रेच्यांच्या ओळीवर धूळ ओढून बाहेर टाकणारा एक मोठा पंखा लावा, एवढंच. दोन वर्षं अर्ज करून झाले. शेठजींच्या वतीनं दरवेळी एकच जबाब जायचा: बाया तोंडाला पदर बांधून काम करतात, उडती रुई पदरावर अडते, आत काही जात नाही, सबब पंख्याची जरुरी नाही. शेवटी अकोल्याच्या फॅक्टरी इन्स्पेक्टर साहेबांच्या ऑफिसातून पत्र आलं. पंधरा जानेवारी एकोणीसशे बासष्टला सुनावणी ठेवली आहे, धूळ खरोखर शरीरात जाते याचा काही पुरावा असेल तर घेऊन या. बायांनी ते पत्र मनकर्णेकडे दिलं आणि मनकर्णेनं ते पोराच्या पुढ्यात ठेवलं.

धर्मपालचा प्रबंधच हवेवर होता. हिवाळ्यात अमरावतीवर जो धुरकट पडदा बसतो त्यात तरंगणारे सेंद्रिय कण कशाचे बनलेले असतात आणि केवढाले असतात, हा विषय त्याला त्याच्या उत्तमराव सरांनी दिला होता. जिनाच्या आत जाऊन हवा तपासू द्या म्हणून तो शालिकरामकडे गेला, तर शालिकरामनं त्याला फाटकातूनच परत पाठवलं. म्हणून त्यानं घरीच सोय केली. त्यांचं घर जिनाच्या भिंतीला लागूनच होतं. त्यानं मलमलचा एक तुकडा लाकडी चौकटीवर ताणला आणि भिंतीकडच्या झरोक्यात दोन महिने लावून ठेवला. मग तो काढून बेंझिनमध्ये उकळला, बेंझिन उडवून दिलं, आणि मागे बशीत पिवळट मेणाचा एक पातळ थर राहिला.

कापसाच्या प्रत्येक तंतूवर निसर्गानंच मेणाचा बारीक लेप दिलेला असतो, हे त्यानं वाचलं होतं. तो थर पाहून त्याला नाचावंसं वाटलं. जिनातली धूळ भिंत ओलांडून घरात येते, तर पदर ओलांडायला तिला कितीसा वेळ लागणार? उत्तमराव सरांनी विचारलं, "वितळणबिंदू घेतलास का?"

"घेतला सर. बावन्न अंशांना वितळायला लागलं, पंचाहत्तरच्या पुढे संपलं."

"एवढा लांबला? एकाच जातीचं मेण अंशा-दोन अंशांत वितळतं. काहीतरी भेसळ आहे त्यात."

"घरातला धूर असेल सर, चुलीचा," धर्मपाल म्हणाला. त्याला ते तसंच असायला हवं होतं, म्हणून तसंच वाटलं. सरांनीही फार ताणलं नाही, सही केली. रिपोर्ट अकोल्याला गेला आणि बायांनी गल्लीत गूळ वाटला.

एक जानेवारीला सोमवार होता. संध्याकाळी माय कामावरून आली, हातपाय धुऊन थोडी टेकली, आणि मग दोघं वंदनेला बसली. झरोक्यात नवा तुकडा ताणलेली चौकट अजून लावलेलीच होती, आणि झरोक्याच्या बरोबर खाली भिंतीत एक कोनाडा होता. त्यात बुद्धाची तसबीर आणि पुढे मेणबत्ती. वंदना झाली की माय मेणबत्ती फुंकून विझवायची, म्हणजे एक मेणबत्ती आठ दिवस पुरायची. तिची सासू असती तर तिनं हे कधी चालू दिलं नसतं. दिवा तोंडानं विझवला की घरावर अवदसा येते, असा तिचा दंडक होता, आणि त्यापायी मनकर्णेनं नव्या सुनेपणी दोन थपडाही खाल्ल्या होत्या. दीक्षा झाल्यावर तिनं तो दंडक असा मोडला की फुंकर मारताना दरवेळी तिच्या तोंडावर समाधान दिसायचं.

त्या सोमवारी मात्र फुंकरच धड निघेना. एक मारली, ज्योत नुसती वाकली. दुसरी मारली, ज्योत पुन्हा उभी. तिसऱ्या फुंकरेला खोकल्याची उबळ आली आणि ती भिंतीला टेकून बसली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"तू मार रे बाप्पा," ती म्हणाली.

धर्मपालनं वाकून फुंकर मारली. ज्योत गेली आणि वातीतून पांढऱ्या धुराचा एक दोरा वर निघाला. सरळ वर गेला, झरोक्याशी जरासा रेंगाळला आणि मलमलच्या चौकटीत शिरला. धर्मपाल पाहतच राहिला. मग त्यानं काडी ओढून मेणबत्ती पुन्हा लावली आणि पुन्हा विझवली. धूर पुन्हा तिथेच गेला.

"काडी फुकट काहून घालवून राहिला?" माय धापा टाकत म्हणाली.

त्याला आपली चूक दिसली होती.  तो पांढरा धूर म्हणजे मेणच होतं, वाफ होऊन उडालेलं आणि हवेत गार होऊन कण-कण झालेलं. दोन महिने, रोज संध्याकाळी, त्याच्या घरचं मेण त्याच्याच कापडावर बसत होतं. जळत्या मेणबत्तीपेक्षा विझलेली मेणबत्ती जास्त मेण उडवते हे त्याला ठाऊक असायला हवं होतं. डेमॉन्स्ट्रेटर म्हणे.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत त्यानं त्या मेणबत्तीचा कपचा वितळवून पाहिला. त्रेपन्न अंशाला पाणी झालं. त्याच्या बावन्नची गाठ तिथं सुटली. रिपोर्टातल्या मेणात थोडं कापसाचं असेलही, पण किती, हे आता ब्रह्मदेवाला विचारलं तरी सांगता आलं नसतं. उत्तमराव सरांनी ऐकून घेतलं आणि चष्मा काढून टेबलावर आपटला. "त्यावर माझी सही आहे, धर्मपाल," एवढंच ते बोलले. त्यानं मान खाली घातली. त्याला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं.

संध्याकाळी त्यानं मायला आणि केशरबाईला सगळं सांगितलं. केशरबाई मायच्या शेजारच्या रेच्यावरची. तोंडानं तिखट, मनानं मऊ, आणि गालात कायम तंबाखूची गोळी.

"कोनाले माहीत हाय?" केशरबाईनं विचारलं.

"मले, सरले अन् तुमाले."

"मंग बस. चौघायच्या पोटात राहू दे. मेन तं मेनच, त्याच्यावर का नाव लिवलं असते?"

 खरं सांगायचं तर हा विचार त्याच्याही मनात दिवसभर घुटमळून गेला होता. सुनावणीत कोणी वितळणबिंदू विचारणार नव्हतं. शालिकरामला तो शब्दही ठाऊक नसेल. पंखा लागला असता, बायांचा श्वास सुटला असता. मग खरं काय नि खोटं काय, असं त्याला वाटून गेलं होतं, आणि वाटल्याची लाजही वाटली होती.

माय सूप पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"केशर, बारा वर्षं झाले आपन खरं सांगून राहिलो अन् त्यायले खोटं वाटून राहिलं," ती म्हणाली. "आता एक डाव खोटं नेलं अन् त्यायनं धरलं, तं पुढं खरं सांगाले तोंड उरन काय? धर्मा, आजच कागद लिव. माहं चुकलं म्हून लिव. अन् मंग मले सांग, आता काय करा लागते?"

"जिनातच धरा लागते धूळ. आतमंदी. पन मले आत कोन जाऊ देते?"

"तू काहून जातं? आमी नाही काय आत?"

धर्मपालला स्वतःच्याच डोक्यात एक टपली मारावीशी वाटली. दोन महिने तो फाटकाबाहेरून आत कसं जावं ते शोधत होता, आणि चाळीस जणी रोज सकाळी त्याच फाटकातून आत जात होत्या. त्यांच्या तोंडावर पदर होता. शेठजींचा सगळा जबाब त्याच पदरावर टेकला होता. तेव्हा पदराच्या बाहेर काय अडतं आणि पदराच्या आत काय पोचतं, हे पदरालाच विचारायचं, असं ठरलं.

त्यानं त्याच दिवशी अकोल्याला पत्र टाकलं: पहिला रिपोर्ट माझ्या चुकीमुळे मागे घेतो, नवा घेऊन सुनावणीला येतो. हातात तेरा दिवस होते.

आता तो दुधानं पोळला होता, म्हणून ताकसुद्धा फुंकून पिणार होता. मलमलचे तुकडे त्यानं आधीच बेंझिनमध्ये दोनदा उकळून घेतले, कपड्याची खळ नको, हाताचं तेल नको. सहा जणींनी पदर बांधताना तो तुकडा आतून ओठांवर ठेवायचा, सुटीला डब्यात टाकायचा, दुसऱ्या दिवशी तोच पुन्हा. दोघींनी कापडाऐवजी काचेच्या छोट्या पट्ट्या ठेवायच्या, एक पदराच्या आत, एक बाहेर. पट्टीवर व्हॅसलीनचा हात फिरवलेला, म्हणजे कण चिकटतील आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतील. पट्टी आणि कापड एकाच बाईकडे द्यायचं नाही, कारण व्हॅसलीनही शेवटी मेणाच्याच कुळातलं. पदराच्या आत-बाहेर पट्ट्यांसाठी उघडे खिसे केशरबाईनं शिवले.

"अन् आठ दिवस तंबाखू बंद," तो म्हणाला.

केशरबाईचा हात कमरेच्या चंचीवर गेला. "काहून?"

"तंबाखूचाही रस उतरते कापडात. मंग शालिकराम म्हनन, हे तं केशरबाईची तंबाखू."

"लेका, तू तं माहा जीव मांगून राहिला," केशरबाई म्हणाली. पण चंची सोडून तिनं मनकर्णेच्या हातात दिली, आणि आठ दिवस जिनात ती ज्याला-त्याला विनाकारण फाडून खात होती. रेच्यावरचा मिस्त्री तर तिच्या वाटेनं जाईनासा झाला.

एक अडचण राहिलीच. तोंडावर धरलेल्या कापडात माणसाच्या कातडीचं तेलही उतरणार. ते किती आणि जिनाचं मेण किती? धर्मपालनं यावर रस्त्यानं चालता चालता विचार केला आणि भाजीबाजारात पार्बताबाईच्या दुकानासमोर त्याला उत्तर सापडलं. पार्बताबाई माळीण वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर विकायची, जिनाच्या बाजूला कधी फिरकायची नाही. तिच्या तोंडावरच्या कापडात उतरेल ते नुसतं कातडीचं तेल. मनकर्णेची तिच्याशी भाजीवरून वीस वर्षांची भांडणाची ओळख होती. त्यानं तिला तसाच धुतलेला तुकडा दिला आणि दिवसभर पदराआड तोंडावर बांधून बस म्हणून सांगितलं.

"मले काय दमा हाय?"

"नाही, म्हूनच."

पार्बताबाईला फारसं काही कळलं नाही. पण मनकर्णेचं नाव काढल्यावर तिनं नाही म्हटलं नाही. आठ दिवस ती तोंड बांधून भाजी विकत बसली. गिऱ्हाइकांनी विचारून विचारून तिचं डोकं उठवलं, दात पडले काय, नवऱ्याशी अबोला धरला काय. भाव सांगायला तिला बोटं दाखवावी लागायची, आणि घासाघीस करता येईना म्हणून मेथी पडत्या भावात गेली. हे सगळं तिनं नंतर मनकर्णेला पुरेपूर ऐकवलं.

तीन तारखेपासून अकरापर्यंत, मधला रविवार सोडून, आठ दिवस हे चाललं. मधल्या सोमवारी माय घरी आली तेव्हा तिचा रंग उडाला होता. पट्टी तिच्याकडेच होती. त्यानं म्हटलं, आज तरी पट्टी ठेवायला नको होती, उद्या आराम कर. तिनं पट्टी डब्यातून काढून त्याच्या हातात दिली आणि दुसरी कोरी मागितली. "सोमवारचीच तं पाहिजे," ती म्हणाली. "बुधवारची पाहून कोनाले काय समजते?" तो उठून कोरी पट्टी घेऊन आला.

शुक्रवारपासून तो प्रयोगशाळेत ठाण मांडून बसला. रविवारी संक्रांत, कॉलेज बंद. दुपारी बघतो तर उत्तमराव सर दारात, हातात किल्ल्या आणि खिशात तिळगुळाची पुडी. त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. पदराच्या बाहेरच्या पट्टीवर लांब लांब तंतू अडकले होते, शेठजी म्हणत होते तसेच. आतल्या पट्टीवर तंतू एखाद-दुसराच होता. पण बारीक कण इतके होते की मोजताना डोळे दुखले. असे आठ कण ओळीनं ठेवले तेव्हा एका तंतूची जाडी भरत होती. दोन मायक्रॉन, फार तर तीन. मोठा कण नाकात, घशात अडकतो. एवढा बारीक कण कुठंच अडत नाही, श्वासाबरोबर छातीच्या तळाशी जाऊन बसतो.

आणि सहा तुकड्यांतून निघालेलं मेण शहात्तर अंशाला वितळलं. एका अंशातच सुरू आणि एका अंशातच संपलं. पार्बताबाईच्या तुकड्यातून नुसता तेलाचा ओशटपणा निघाला, मेण नाही.

सोमवारी सकाळी बडनेऱ्याहून पॅसेंजर धरून सगळे अकोल्याला निघाले. धर्मपाल, माय, केशरबाई, आणि मांडीवर सूक्ष्मदर्शकाची लाकडी पेटी घेतलेले उत्तमराव सर. मूर्तिजापूरला केशरबाईनं चंची उघडली आणि गाल भरला, तेव्हा कुठं तिच्या तोंडावर माणुसकी परतली.

इन्स्पेक्टर साहेब पुण्याकडचे होते, शांत आणि काटेकोर. शालिकराम कोट घालून आला होता. त्यानं पहिल्याच झटक्यात धर्मपालचं पत्र पुढे सारलं.

"साहेब, ह्या गृहस्थांनीच लिहून दिलं आहे की पहिला रिपोर्ट चुकीचा होता. जिनाची धूळ म्हणून घरच्या मेणबत्तीचा धूर तपासला. आज मेणबत्ती निघाली, उद्या आणखी काही निघेल."

"निघालं तर तेही मीच येऊन सांगेन," धर्मपाल म्हणाला.  "साहेब, त्याच मेणबत्तीचं मेण मी सोबत आणलं आहे. परवानगी असेल तर दाखवतो."

त्यानं टेबलावर स्पिरिटचा दिवा मांडला, त्यावर पाण्यानं भरलेलं काचेचं चंचुपात्र. थर्मामीटरला दोऱ्यानं केसाएवढ्या बारीक दोन काचेच्या नळ्या बांधल्या. "डावीकडे मेणबत्ती. उजवीकडे ह्या बायांच्या पदराच्या आतून निघालेलं," तो म्हणाला. साहेब खुर्ची ओढून जवळ आले. पारा चढू लागला. पन्नास झाले. त्रेपन्नला डावीकडच्या नळीतला पांढरा ठिपका स्वच्छ पाण्यासारखा झाला. उजवीकडचा तसाच राहिला. साठ झाले, पासष्ट झाले. शालिकराम खिडकीबाहेर पाहू लागला. सत्तरला केशरबाईनं मायचा दंड धरला. उजवीकडचा ठिपका पांढराच. चौऱ्याहत्तर, पंचाहत्तर. शहात्तरला तो चटकन वितळला.

"हे कापसाचं मेण," धर्मपाल म्हणाला. "मेणबत्ती एवढी तग धरत नाही."

मग त्यानं पार्बताबाईचा ओशट थेंब दाखवला, आणि तो कुणाचा नि कशासाठी घेतला तेही सांगितलं. साहेबांनी सूक्ष्मदर्शकातून आधी बाहेरची पट्टी पाहिली, मग आतली. आतली त्यांनी पुन्हा पाहिली.

"पदर नीट बांधत नसतील," शालिकराम म्हणाला. "दुहेरी बांधावा."

यावर धर्मपाल तोंड उघडणार तोच माय पुढे झाली.

"दुहेरी बांधला सायेब. बारा वर्षांत दुहेरी बांधला, तिहेरी बांधला. तिहेरीत धूर-धूळ काय, श्वासच येत नाही. पाहा लागत असन तं मॅनेजरसायबाले बांधून देतो, फक्त एक पाळी. सोमवारची."

साहेब हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "बाई, सोमवारचीच का?"

"सायेब, रोज धूळ खाते तं छाती तिले आपली समजून गुमान राहते," ती म्हणाली. "एक दिवस सोडली की छातीले चांगली हवा आठवते. मंग सोमवारी पुन्हा त्या घानीले ते नाही म्हनते. आमचे भजे-बोरं काई नाही. आमच्या छातीले हवेची आठवन हाय, बस."

 साहेबांनी पेन उचललं आणि बराच वेळ लिहीत राहिले. निघताना ते धर्मपालला म्हणाले, "तुमचं पहिला रिपोर्ट मागे घेतल्याचं पत्र आलं, म्हणून मी आजचा रिपोर्ट नीट वाचणार आहे." शालिकरामनं कोटाची गुंडी लावली आणि निघून गेला.

हुकूम फेब्रुवारीत आला. शेठजींनी थोडी चालढकल केली, पण मार्चच्या सुरुवातीला रेच्यांच्या ओळीवर पंखा बसला. तो सुरू झाला त्या दिवशी त्याच्या आवाजानं बायांना एकमेकींचं बोलणं ऐकू येईना, आणि केशरबाईनं त्याचाही राग केला.

पहिल्या सोमवारी फरक कळला नाही. दुसऱ्या सोमवारी माय म्हणाली, "थोडं हलकं वाटते, पन आताच काही म्हनू नको."  धर्मपाल फक्त कान देऊन तिचा श्वास ऐकायचा.

तिसऱ्या सोमवारी संध्याकाळी दोघं वंदनेला बसली. झरोक्यातली चौकट कधीच काढली होती. वंदना झाली आणि माय कोनाड्याकडे वळली. धर्मपाल सवयीनं अर्धा उठला, तिला जमलं नाही तर फुंकर मारायला. तिनं हातानंच त्याला खाली बसवलं. मग छाती भरून श्वास घेतला आणि एक फुंकर मारली. ज्योत गेली. पांढरा दोरा वर चढला, झरोक्यातून बाहेर पडला.

माय त्या विझलेल्या वातीकडे बघत उभी राहिली. मग जिला काडीपेटीतली एकेक काडी जपून वापरायची सवय, तिनं काडी ओढली आणि मेणबत्ती पुन्हा लावली.

"काडी फुकट काहून घालवून राहिली?" धर्मपालनं विचारलं. 

"थांब ना बाप्पा," माय म्हणाली. "एक डाव अजून पाहू दे." आणि तिनं पुन्हा छाती भरून श्वास घेतला.